कुणीकडे गेलं

रात्री दोनला फोन वाजला की पोलीसच असतात.
नातेवाईक एवढ्या उशिरा मरत नाहीत,
निदान माझे तरी नाहीत.
"इंगव्होर, बंद पडलेल्या लाकूडगिरणीपुढे, दुसरं वळण.
हरीण. लहान जातीचं. धडकून पळालंय."
मी मोजे चढवते तोवर टूवा दाराशी.
आवाजावरूनच तिला कळतं
की हे शेजारणीचं बोलणं नव्हे.

उणे अकरा. बर्फ नाही, नुसतं ताठरलेलं गवत.
गाडीची चारही दारं सताड उघडी,
इंजिन चालू, हीटर पूर्ण जोरात,
आणि ती पोरगी बाहेर, उघड्या डोक्यानं,
अंगात वृद्धसेवेचा निळा अंगरखा.
रुमाल तिनं फांदीला बांधला होता,
जिथून ते झाडीत शिरलं तिथं.
खूण बांधा, असं आम्ही सगळ्यांना सांगतो.
लोक प्लास्टिकची पिशवी बांधतात,
बरेचसे थांबतच नाहीत.
डोक्यावरचा रुमाल मी पहिल्यांदा पाहिला.

"दारं का उघडी?"
"परत आलं तर आत ऊब असावी."

चाळीस वर्षं ही झाडी तुडवतेय मी.
यावर काय बोलायचं ते कुणी शिकवलेलं नाही.

नाव सेमहार. गाव दूर, तांबड्या समुद्राकडचं.
"तुम्ही जनावरांच्या डॉक्टर ना?"
बंदूक अजून माझ्या गाडीतच होती.
गप्प राहणं खोटं धरलं, तर मी खोटं बोलले.

डांबरावर केस: पांढरे, आखूड, पोटाखालचे.
रक्त थेंबभर, पण काळपट.
अशी जखम घेऊन जनावर लांब जातं
आणि फार सावकाश संपतं.
मी विचारलं, कुणीकडे गेलं? किती पायांवर?
मागं वळून पाहिलं का?
शेवटचा प्रश्न कागदावर नसतो, माझा मीच विचारते.
"पाहिलं," ती म्हणाली.
"मी हॉर्न वाजवला नाही. वाजवायला हवा होता?"

गाडीत बस म्हटलं, ऐकलं नाही.
टूवाचं नाक जमिनीला, दोरी ताणलेली,
मागं मी, मागं ती, कामाचे पांढरे बूट घालून.
दलदलीवरचा पातळ बर्फ पापडासारखा मोडत होता.
तीनदा माग हरवला.
तिसऱ्यांदा टूवा थांबली आणि शेपूट हलवायची विसरली.

पडलेल्या झाडाखाली पाय दुमडून बसलेलं,
दमून जरा टेकावं तसं.
कान आमच्याकडे. श्वासाची वाफ तुकड्यातुकड्यानं.
सेमहार अंगरखा काढायला लागली, पांघरायला.
"थांब. जवळ गेलीस तर उठेल.
उठण्याइतकं बळ आहे त्याच्यात,
वाईट आहे ते तेवढंच."

मग तिनं माझ्या हाताकडे पाहिलं.
मला माहीत होतं, पाहील कधीतरी.
"कुत्रीला धर. कान झाक."
"कुणाचे?"

एकच.
झाडीतून काही उडालं नाही, ओरडलं नाही.
टूवा तिच्या मांडीत थरथरत होती
की तिची मांडीच थरथरत होती,
टॉर्चच्या उजेडात मला ठरवता येईना.

परत आलो तेव्हा इंजिन चालूच,
सगळी ऊब जंगलाला वाटून
पेट्रोलचा काटा खाली आलेला.
सहाला तिला फोल्के बर्गडालला इन्शुलिन द्यायचं होतं.
"त्यांना नाश्त्याआधीच लागतं," ती म्हणाली,
मी कुठं अडवणार होते तसं.

रुमालाची गाठ गोठून दगड झालेली.
नखांनी सुटेना. मी चाकू काढला.
"नको," ती म्हणाली, "कापू नका."
मग आम्ही दोघी ती गाठ तोंडाच्या वाफेनं
फुंकत बसलो, आळीपाळीनं, बराच वेळ.
सुटली नाही.

तिनं दारं लावली, एकेक करून, घाईघाईत.
मागचं एक नीट लागलं नसावं.
गाडी वळणाआड जाईपर्यंत
आतला दिवा दिसत राहिला.